लेंड्यांची लॅब

आमच्या लॅबमध्ये किस्से फ्रीजरमधल्या डब्यांसारखे साठतात. फेकायला कुणाचा जीव होत नाही. आम्ही नागपुरात उंदरांच्या पोटातले जिवाणू तपासतो. ते आई-बापाकडून आलेल्या जीन्सवर ठरतात, नर की मादी यावर ठरतात, की नुसत्या खाण्यावर? उत्तर लेंडीत असतं. त्यामुळे आमचं अर्धं आयुष्य लेंड्या वेचण्यात गेलं, आणि सांगते, मजेत गेलं!

*

माझी मैत्रीण प्रणाली भिवापूरची. तिच्या आईने एकदा फोनवर विचारलं, "काय करून राहिली वं?" ही खरं बोलून गेली, लेंड्या वेचून राहिली म्हणून.

आई म्हणाली, "मंग घरच्या बकरीनं काय पाप केलं होतं?"

गावात मात्र तिने सांगून टाकलं, पोरगी औषधं बनवते.

*

प्रणालीला नर आणि मादी उंदरांच्या जिवाणूंत मस्त फरक सापडला. पीएचडी त्यावरच उभी! पण उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, म्हणून एका पिंजऱ्यातल्यांची पोटं सारखी होत जातात. हिचे नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात. मग फरक पिंजऱ्याचाच नसेल कशावरून?

प्रणालीबाईंनी सगळा प्रयोग पुन्हा मांडला. दर शनिवारी सगळ्या पिंजऱ्यांतला घाण भुसा एका टबात कालवायचा आणि परत वाटायचा, म्हणजे सगळ्यांचं सगळ्यांच्या पोटात जाईल. आम्ही तिला भेळवाली म्हणायला लागलो.

परका वास आला की नर मारामारीला उठायचे. माद्या त्याच भुशाचं घरटं करायच्या. आमचे गाइड वानखेडे सर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "नर-मादीतला फरक दाखवायला लेंड्या कशाला पाहिजेत?"

*

मे महिन्यात फ्रीजर बंद पडला. नागपूरचा मे, बाप्पा! भेळवालीचे सगळे नमुने आत. डबा घेऊन आम्ही सीताबर्डीतल्या एका कुल्फीवाल्याकडे धावलो. आत काय आहे, त्याने विचारलं. खोटं न बोलता येणं हा प्रणालीचा जुनाच रोग.

"ताई, दुकान बंद पाडता का माझं?"

पण बर्फ-मीठ त्यानेच भरभरून दिलं. नमुने वाचले. कुल्फी खायची इच्छा मात्र त्या दिवशी कुणालाच झाली नाही.

*

पीएचडीच्या व्हायवाला प्रणालीची आई आली, मागच्या रांगेत बसली. बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमकं तेच काढलं, हा फरक नर-मादीचा नाही, पिंजऱ्याचा असेल.

प्रणाली म्हणाली, "सर, सगळ्यांनी सगळ्यांच्या लेंड्या खाल्ल्या. तरी फरक राहिला."

परीक्षकांनी आलेख पुन्हा बघितला, चष्मा काढला आणि तिला डॉक्टर म्हणून हाक मारली. आम्ही बाकं बडवली!

नंतर चहाच्या वेळी त्यांनी आईला सहज विचारलं, मुलगी काय करते ठाऊक आहे ना. आईने पदर सावरला आणि भरल्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं,

"माही पोरगी लेंड्या वेचते!"