ओल्या केसांवर ड्रायर

लांब केस वाळवायचे म्हणजे आधी खसाखसा पुसायचे नाहीत. जुन्या सुती पंच्यात गुंडाळून दाबायचे, पाणी टिपून घ्यायचं. मग मान खाली, केस पुढं, आणि बोटांनी मुळं मोकळी करत वाऱ्यावर ठेवायचे. पाऊण वाळले की मगच ड्रायर. तोही वीतभर लांब, मंद, सारखा हलता. शेवटी थंड हवा. असे केस फुगतात आणि जळत नाहीत.

हे मला पार्लरवाल्या काकींनी शिकवलं. कोल्हापुरात त्यांचं ब्यूटी पार्लर होतं. मी यवतमाळकडची, सातवीतून शाळा सुटलेली. दाजी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत लागले, म्हणून बहिणीचं बाळ सांभाळायला इतक्या लांब आले होते. बाळ बालवाडीत जायला लागलं तेव्हा काकींनी मला कामावर घेतलं. कुणी "कितवी शिकलीस?" म्हटलं की मी झाडू शोधायला लागायची. काकींनी ते कधीच विचारलं नाही. असं ठिकाण परत मिळणार नाही, म्हणूनच सारखी धास्ती वाटायची, की एक चूक झाली तर या आपल्याला गावी पाठवतील.

त्या दिवशी पेठ वडगावची नवरी आली. सोबत तिची आत्या आणि वहिनी. केस कंबरेपर्यंत, वर फुगवून बांधायचे होते. हळदीच्या वेळी डोक्याला तेल लागलेलं, ते वहिनीनं सकाळी शिकेकाईनं धुऊन काढलेलं. केस अजून ओलेच होते. काकी आतल्या खोलीत दुसऱ्या बाईला साडी नेसवत होत्या.

"आटप की गं," आत्या म्हणाल्या. "मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबतोय व्हय?"

"अर्धा तास वाऱ्यावर वाळू द्या," एवढंच म्हणायचं होतं. मला धीर झाला नाही. ड्रायर पूर्ण जोरात केला आणि मुळांना चिकटवून धरला. जरा वेळानं वास आला. कानामागची बट नारळाच्या काथ्यासारखी झाली होती. मी कंगवा घातला तर ती हातातच आली.

"अगं बया! काय जाळलंस?" आत्या ओरडल्या.

"केसात तेल राहिलं होतं," मी म्हटलं. कसं सुचलं माहीत नाही. पण सुचलं, आणि पटकन.

आत्या वहिनीकडं वळल्या. "तुला सांगितलं व्हतं न्हवं, दोनदा धू म्हणून? माहेरी केस धुवायलाबी शिकवलं न्हाई व्हय?"

"दोनदा धुतले ओ आत्या," ती म्हणाली. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नसावं. नवरी रडायला लागली. मी पंच्याची घडी घालत उभी राहिले.

आवाजानं काकी बाहेर आल्या. त्यांनी केस बोटात धरले, वास घेतला, ड्रायरचं बटण बघितलं. मग माझ्याकडं एकदाच बघितलं.

"तेल न्हाई त्यात," त्या म्हणाल्या. "ड्रायर माझा. चूक बी माझी. माझ्या पोरीला बोलू नगासा."

त्यांनी तुटलेल्या बटेची जळकी टोकं कापली, पंच्यानं केस परत टिपले आणि नवरीला पंख्याखाली मान खाली घालून बसवलं. अर्ध्या तासात केस छान फुगले. कानामागं गजरा आला. आत्यांची माफी काकींनीच मागितली. वहिनीची मात्र कुणीच मागितली नाही.

मला काकींनी काढलं नाही, रागावल्याही नाहीत. पुढं सात वर्षं मी तिथंच काम शिकले. आज माझ्या हाताखाली मुली आहेत, ते त्यांच्यामुळंच.

पण त्या दिवशी निघताना वहिनी दारात थांबली होती. चपला घालता घालता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी खरंच दोनदा धुतले होते." ती भांडत नव्हती. तिला फक्त कुणीतरी "व्हय" म्हणायला हवं होतं, आणि तेलाचं खोटं तर मीच बोलले होते.

मी खाली वाकून तुटलेले केस गोळा करत राहिले.