टरफलांची जागा

रोपवाली काकू चाळीस वर्षं भाज्यांची रोपं तयार करत आली. घरामागचं वावर फार तर दोन खोल्यांएवढं, पण तिथली कोबीची रोपं सगळी एका उंचीची, एका जोमाने वाढलेली. एखादा वाफा बिघडला तर ती दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही.

तिचा नवरा तेलगिरणीत होता. सूर्यफुलाच्या बिया फोडून उरलेली टरफलं पोत्यांत भरून बाहेर टाकायची, हे त्याचं काम. पाठ धरायला लागली तसा तो तीन पोती घरी घेऊन आला आणि मागच्या छपराखाली त्यांचंच अंथरूण केलं. वर दोन शेजारी शेजारी, पायाशी एक. "गादीपेक्षा बरं आहे हे," म्हणायचा, "कुशीवर वळलं की गप्पा मारतं." दुपारचा तो तिथंच पडलेला असायचा. एका दुपारी तिथंच गेला.

पोती हलवायचं काकूच्या जिवावर आलं. पुढे वाऱ्याने छपराचे पत्रे उडाले, पाऊस सरळ पोत्यांवर पडू लागला. दोन पावसाळ्यांत गोणपाट कुजलं. शेवटी एका सकाळी तिने मन घट्ट करून सगळं खरवडून कोपऱ्यात ओढलं, माती उकरली आणि इतर वाफ्यांबरोबर तिथंही कोबीचं बी पेरलं.

आठव्या दिवशी सगळीकडे हिरवं झालं. फक्त ती जागा उघडी राहिली. वरच्या बाजूला खांद्यांएवढी रुंद, पायाकडे निमुळती, लांबी बरोबर माणसाएवढी. कडेची रोपं पिवळी पडून खुरटली होती.

काकूने पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पेरलं आणि चार दिवसांनी बोटाने माती उकरून पाहिलं. बी मुंग्यांनी नेलेलं नव्हतं, कुजलेलंही नव्हतं. टपोरं फुगलेलं होतं. प्रत्येकाला मुळाचं टोक फुटलं होतं, पण ते तपकिरी होऊन मागे वळलं होतं, चटका बसून हात मागे घ्यावा तसं. तिने पन्नासेक दाणे उकरले. सगळे तसेच.

नणंद भेटायला आली तेव्हा कुंपणाशीच थांबली. बराच वेळ ती त्या जागेकडे बघत राहिली.

"वहिनी, दादा उठला नाहीये अजून," ती हळूच म्हणाली.

"काहीतरी बोलू नका."

"मग पाय ठेवून दाखवा तिथं."

काकूने पाय उचलला आणि परत मागे घेतला. त्या दिवसापासून ती पाण्याची झारी घेऊन त्या जागेला वळसा घालून जायला लागली. कधी कधी जाता जाता, "सरका जरा," असंही तोंडून निघायचं. गिऱ्हाइकं कुंपणापाशी येऊन बघायची आणि उद्या येतो म्हणून जायची.

पण मागे वळलेली ती मुळं तिच्या डोळ्यांपुढून जाईनात. मेलेला माणूस रुसेल, रागावेल. कोबीचं मूळ कशाला जाळेल? तिने कोपऱ्यातल्या ढिगातली मूठभर टरफलं रात्रभर पाण्यात भिजवली. मग गिरणीत जाऊन ताजी टरफलं आणली, कुणाचं अंग न लागलेली, आणि तीही वेगळी भिजवली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन ताटल्या मांडल्या, प्रत्येकीत ओल्या फडक्यावर वीस दाणे. पहिलीला साधं पाणी, दुसरीला ढिगातल्या टरफलांचं, तिसरीला गिरणीतल्या टरफलांचं.

पाचव्या दिवशी पहिलीत एकोणीस कोंब उभे होते. दुसरीत सात, वाकडेतिकडे. तिसरीत दोन. बाकीच्यांची मुळं तपकिरी, मागे वळलेली.

तिने नणंदेला बोलावून ताटल्या दाखवल्या. "तुमचा दादा नाही तिथं. टरफलांतलं काहीतरी पावसाने मातीत उतरलंय. दुसऱ्याचं बी उगवू देत नाही ते."

नणंदेने तिसरी ताटली उचलून उजेडात धरली. "मग बरं झालं की. रडताय कशाला?"

काकू तिच्या हातातून ताटली काढून घेऊन नुसती धूत राहिली.

त्यानंतर ती त्या जागेत उतरली. मातीत राहिलेले काळे तुकडे वेचले, बाकी खोल उकरून शेणखत मिसळलं, ओलं करून कुजत ठेवलं. गिरणीतून नवी टरफलं मात्र ती मुद्दाम आणू लागली आणि वाफ्यांमधल्या पाऊलवाटांवर पसरू लागली. तण उगवायचं कमी झालं. लोक विचारायला यायचे, तर ती बजावायची, "वाटेवर टाका. कुजल्याशिवाय वाफ्यात नको."

पुढच्या वर्षी त्या जागेत निम्मं उगवलं. त्याच्या पुढच्या वर्षी सगळं.

त्या सकाळी ती वाफ्यात वाकून कड शोधत होती. खांदे कुठे होते, पाय कुठे. एकसारखी हिरवी रोपं, कुठे खळगा नाही, पिवळं पान नाही. दोनदा या टोकाचं त्या टोकाला गेली, मग अंदाजाने एका ठिकाणी बसली आणि ती जागा हीच का, याची खात्री नसताना बराच वेळ तिथं बसून राहिली.