आत्याची दुसरी गोळी

आमची आत्या नाटकाची प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला फळ्यांखाली एक खड्डा आहे, त्यात बसून ती अडलेल्या नटांना शब्द पुरवते. पडदा उघडला की खड्ड्याचं दार बंद, प्रयोग संपेपर्यंत बाहेर पडायचं नाव नाही. आणि ह्याच बाईला, जिन्यावरून पाठीवर आपटल्यापासून, लघवी धरवेना! मी तिथेच कपडेपट सांभाळते, त्यामुळे तिची बदलायच्या कपड्यांची पिशवी माझ्याच गळ्यात.

शेवटी दिग्दर्शकाने सुनावलं, "आत्या, नव्या नाटकात मधेच उठलात, तर तुमच्या जागी दुसरं कुणीतरी बघावं लागेल." सगळं थिएटर तिला आत्याच म्हणतं. त्या खड्ड्यावर जीव आहे तिचा. दोन घास नीट गेले नाहीत त्या दिवशी.

मी तिला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "मणक्यातल्या काही नसा 'थांब' असा निरोप धाडतात. तो झेलायला पुढच्या नसांवर ग्राही असतात. त्यांनी झेलला की मूत्राशय गप्प बसतं, आतडीही दमानं चालतात. तुमच्या मणक्याला मार बसला, निरोप नीट पोचेना. ही गोळी त्याच ग्राहींवर जाऊन बसेल आणि 'थांब' म्हणेल. पण एकच घ्यायची हं! जास्त झाली तर सुटायचं तेही सुटणार नाही. मग नळी घालून इथेच झोपवून ठेवीन."

"अगं बाई, म्हणजे माझ्या पोटातसुद्धा प्रॉम्प्टर!" आत्या हरखूनच गेली. गोळी लागूही पडली. बाई तालमीत गुणगुणायला लागली, दिग्दर्शकाला टपली मारायला लागली.

पहिल्या प्रयोगाला मी खड्ड्याचं दार लावतेय, तर ही म्हणते कशी, "मी आणखी एक घेऊन टाकली."

"का?"

"नट अडायच्या आधीच शब्द द्यायचा असतो. अडल्यावर काय उपयोग?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात तिसरी घंटा झाली.

प्रयोग असा रंगला म्हणता! राजा दोनदा अडला, दोनदा आत्याने सावरला. पडदा पडल्यावर दिग्दर्शकाने स्वतः तिला हात धरून वर काढलं. "जागा तुमचीच, आत्या. उद्याही याच."

आत्या माझ्या कानाशी आली. "अगं, लागलीय. पण होत नाहीये."

डॉक्टरीणबाई फोनवर भडकल्या. "तासाभरात झाली नाही तर थेट इकडे आणा!" म्हणजे नळी, आणि उद्याचा प्रयोग गेला. आत्याला संडासात बसवून मी बाहेरचे सगळे नळ सोडले. बातमी फुटायला कितीसा वेळ? मुकुटासकट राजा, राणी, दोन शिपाई, सगळे दाराबाहेर "शूऽऽ, शूऽऽ" करत उभे. दिग्दर्शकसुद्धा.

"मेल्यांनो, हसवू नका रे!" आतून आत्या ओरडली आणि स्वतःच खोखो हसत सुटली. बराच वेळ नुसतं हसूच ऐकू येत होतं. मग हसू थांबलं. मी पटापट नळ बंद केले. सगळ्यांनी दाराला कान लावले.

आणि आली हो, धार आली! राजाने मुकुट उडवला, राणीने मला मिठी मारली, मी तर चक्क रडले. टाळ्यांनी बोळ दणाणला.

"ए, टाळ्या बंद!" आतून आवाज आला. "अजून चालू आहे!"