शाल घातली आणि कमलाक्षी गेली

सर्वणच्या आमच्या केंद्रात आम्ही म्हातारी माणसं सकाळी येतो, दुपारी पेज जेवतो आणि ऊन उतरलं की घरी जातो. केंद्र एका सेवा मंडळाचं. मंडळात पदाधिकारी पुष्कळ, पण काम करणारी एकच, लाटंबार्सेची कमलाक्षी. पेज रांधायची, औषधं द्यायची, आमची भांडणं मिटवायची, सगळं तिच्याच गळ्यात. मी जन्मभर बसची कंडक्टरकी केलेला माणूस. चेहरा बघून कोण कुठे उतरणार ते ओळखतो, असा माझा समज होता. तो तिने पार घालवला.

बाकीचे कुणी टिकत नाहीत. स्नेहा काम शिकली आणि तुयेच्या कारखान्यात लागली. पाठोपाठ गाडीवरचा स्वप्नीलही गेला. तिकडे पगार बरा, न्यायला-आणायला बस, मग बोल तरी कुणाला लावणार? कुणी निघालं की मंडळ शाल घालतं, नारळ देतं आणि अध्यक्ष दत्तप्रसादबाब भाषण करतात. आम्ही टाळ्या वाजवतो. तबक धरून बाजूला कमलाक्षी उभी असते.

स्वप्नील गेल्यावर दत्तप्रसादबाब हादरले. कामाची माणसं टिकवायची कशी, यावर पणजीत शिबिर होतं, तिथे जाऊन आले आणि भारावल्यासारखे बोलू लागले. "माणूस जाता तेव्हा शाल घालून काय उपेग? माणूस हंय आसा तेव्हाच मान दिवक होयो!"

पटण्यासारखंच होतं. शनिवारी कमलाक्षीचा सत्कार ठरला. तिला आधी सांगायचं नाही, धक्का द्यायचा, असंही ठरलं. धक्का बसला, त्यात शंका नाही.

तिला अध्यक्षांच्या कदेलीवर, म्हणजे मानाच्या खुर्चीवर, बसवलं. तबक धरायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी धरलं. बाबांकडे भाषण एकच आहे, नाव बदललं की बारशालाही चालतं आणि बाराव्यालाही. "कमलाक्षीने केलेली सेवा मंडळ कधीही विसरणार नाही. तिच्या पुढील आयुष्याला शुभेच्छा!" शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. कमलाक्षी ढसाढसा रडली. आनंदाने रडते आहे असं समजून आम्हीही डोळे पुसले. जाताना तिने स्वयंपाकघराची किल्ली मेजावर ठेवली. विसरली असेल, असं आम्हाला वाटलं.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. फोन उचलेना. पेजेऐवजी चहात पाव बुडवून आम्ही दोन्ही दिवस काढले. बाब डोकं धरून बसले. "सत्कार केलंव तर बाय गेली! तुयेवाल्यांनीच ओढली." एक आजी म्हणाल्या, दृष्ट लागली. मला काही उलगडेना, आणि रागही आला. अर्धा राग पोटातल्या भुकेचा होता. बुधवारी सकाळीच मी लाटंबार्सेची बस धरली.

कमलाक्षी अंगणात काजूबिया वाळत घालत होती. मला पाहून उठली. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "काका, माजा काय चुकला?"

हाच प्रश्न तर मी तिला विचारायला आलो होतो! "आमचं काय चुकलं ते तू सांग. तूच गेलीस ना?"

"मी खंय गेलंय? तुमीच माका शाल घातलास. स्नेहाक घातलास, ती गेली. स्वप्नीलाक घातलास, तो गेलो. माका कोणी इचारलाच नाय." तिचा आवाज फुटला. "माका जावचाच नव्हता, काका. पेजेत मीठ जास्त पडत होता काय?"

मला हसू आलं. तिचा चेहरा बघितला आणि ते आवरलं. इतकी वर्षं आम्हाला भरवलेली बाई चार दिवस आपल्या हातची चूक शोधत बसली होती. मी शिबिर सांगितलं, मान सांगितला, सगळं सांगितलं.

"मगे एवढ्या भाषणात 'रव' असा कित्याक म्हणाक नाय?"

'राहा' एवढा एक शब्द आमच्यापैकी कुणाच्याच तोंडून निघाला नव्हता. मी काजूबिया चाळवत बसलो.

गुरुवारी ती आली. दत्तप्रसादबाब दारातच उभे होते. "आदरणीय कमलाक्षी," असं म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"भाषण नको, बाब."

बाबांची गाडी तिथेच अडली. कपाळ पुसलं, आमच्याकडे पाहिलं, शेवटी किल्ली पुढे केली. "रव गो, कमलाक्षी. तुज्याशिवाय आमचा चालाचा नाय."

तिने किल्ली घेतली. पिशवीतून सत्काराचा नारळ काढला आणि उसळीसाठी फोडायला आत नेला. दोन पावलांवरून परत फिरली आणि घडी न मोडलेली शाल बाबांच्या हातात ठेवली.

"ही ठेवा तुमच्याकडे. मी खरीच जायन, तेव्हा घाला."