दुसऱ्या हातचा घास

१९८३ साली माझी पोस्टिंग डॉग युनिटमध्ये झाली. रजेवर बदलापूरला आलो तेव्हा आईने विचारलं, "फौजेत जाऊन कुत्री सांभाळतोस होय रे?" मी हो म्हणालो. बाकीचं समजावत बसलो नाही.

माझ्या कुत्रीचं नाव रोमा. अल्सेशियन, वय अडीच वर्षं. काम, जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून काढणं. पहाटे पाचला तिची अंघोळ-ब्रश, साडेपाचला व्यायाम, सातला परेड, संध्याकाळी साडेचारला जेवण. जेवण फक्त हँडलरच्या, म्हणजे माझ्याच हातून. दुसऱ्या कोणी मटणाचा तुकडा नाकाशी धरला तरी तिने तोंड फिरवायचं. हे शिकवायला मला चार महिने लागले, आणि मला त्याचा फार गर्व होता. सुभेदार साहेबांनी स्वतः चिकनची तंगडी पुढे करून पाहिली होती. रोमाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हँडलर रजेवर जाणार असेल तर दहा दिवस आधी बदली हँडलर येतो. आधी जुना भरवतो, नवा शेजारी बसतो. मग दोघांचे हात एकाच भांड्यात. मग जुना रोज थोडा मागे सरकतो. याला आम्ही हँडिंग ओव्हर म्हणायचो. ते दहा दिवसांचंच असतं, कमी करायचं नसतं.

१९८५ च्या नोव्हेंबरात मुलगी झाल्याची तार आली. रजा मंजूर झाली. दहा दिवसांचं हँडिंग ओव्हर मी दोन दिवसांत उरकलं. बदली हँडलर होता लान्स नायक बलबीर, गढवालचा, वय चोवीस. मी त्याचा उस्ताद.

"खाएगी ना तेरे हाथ से?" मी विचारलं.

"उस्ताद, आप जाओ. बिटिया को देखो. खा लेगी."

सोमवारी निघालो, बुधवारी घरी पोहोचलो. गुरुवारी दुपारी दुसरी तार आली. रोमा जेवत नाही, ताबडतोब परत ये. बारसं रविवारी होतं. माझ्यासाठीच ते पुढे ढकललेलं. पाळणा भाड्याने आणून ठेवला होता, आत्या चिपळूणहून आली होती. मी तार घडी करून पँटच्या खिशात घातली. बायको सुनंदाने विचारलं, "कोणाची?" मी म्हणालो, "मित्राची. मुलीबद्दल अभिनंदन केलंय."

रविवारी मुलीचं नाव वैशाली ठेवलं. मी संध्याकाळी निघालो. मंगळवारी दुपारी चार चाळीसला युनिटच्या गेटवर उतरलो. हातात बारशाच्या लाडवांचा डबा होता. पहारेकऱ्याने नेहमीचा राम राम केला नाही, नुसता बाजूला झाला. तेव्हाच मला कळलं.

वायरलेसच्या नोंदवहीत त्याच सकाळच्या दोन ओळी होत्या. ०७१० ब्लास्ट. ०७११ डॉग टीम डाउन. त्या सकाळी रोमा थोडं दूध प्यायली होती, म्हणून बलबीरने ती चालेल असं सांगितलं आणि रस्ता तपासायला तिला पुढे घेऊन गेला. आठ दिवस उपाशी कुत्रीचं नाक काय काम करणार? ती सुरुंगावरून पुढे गेली. मागे तो होता. दोघंही वाचले नाहीत.

चौकशीत मला तीन प्रश्न विचारले गेले.

"तार मिळाली?"

"मिळाली, साहेब."

"कधी?"

"शनिवारी रात्री, साहेब."

"वेळेवर निघालास?"

"पहिली गाडी पकडली, साहेब."

पोस्टाला उशीर होतो हे सगळ्यांना माहीत असतं. कोणी पुढे विचारलं नाही. मी खोटं बोललो आणि ते खपलं. गुरुवारी निघालो असतो तर शनिवारी पोहोचलो असतो. हा हिशोब मी किती वेळा केला असेल ते मलाच ठाऊक.

१९९२ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. बदलापुरातच कात्रपला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. वैशू सात वर्षांची होती. तिला कुत्र्याचं पिल्लू हवं होतं. मी वर्षभर नको म्हणालो. मग एक दिवस ती सुनंदाला म्हणाली, "बाबा आर्मीत कुत्र्यांवर प्रेम करायचे ते खोटंच ना?" त्या रविवारी मी तिला बारवी धरणाच्या बाजूच्या एका आदिवासी पाड्यावर घेऊन गेलो.

तिथल्या हिराबाई आमच्या बाजारात रानभाजी विकायच्या. त्यांच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती. मी फौजी पद्धतीने निवड सुरू केली. किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर आपटला. एक पळालं, दोन भुंकली. वैशूचं लक्ष एका तांबूस पिल्लावर होतं. ते तिचे, हिराबाईंचे, माझे, सगळ्यांचे पाय चाटत होतं. चौथं काळं पिल्लू किल्ल्यांपर्यंत आलं, त्या हुंगल्या आणि माझ्याकडे बघत बसलं. फक्त माझ्याकडे.

"हे," मी म्हणालो.

"बाबा, तांबडं घेऊ ना."

"ते सगळ्यांच्या मागे जाईल. हेच."

निघताना हिराबाई म्हणाल्या, "दादा, घरा नेलास का सगल्यांनी एकेक घास भरवा त्याला. शेजारपाजाऱ्यांनी पन. आमच्यात तसाच करतान. मग तो घराचा होतं."

मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई, कुत्रं शिकवायला मला शिकवू नका.

खंड्या हे नाव वैशूने ठेवलं. पहाटे साडेपाचला बिल्डिंगमागच्या मैदानात ट्रेनिंग. सिट, डाउन, स्टे, हील. खंड्या हुशार होता, तीन महिन्यांत सगळं शिकला. मग मी त्याला दुसऱ्याच्या हातचं न खाण्याचं ट्रेनिंग दिलं. नव्या बिल्डिंगांमध्ये चोऱ्या होत होत्या, चोर कुत्र्याला विष घालतात, असं मी घरात सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला दुसरं काही येतच नव्हतं. परका माणूस म्हणून मी वैशूलाच उभी करायचो. ती बिस्किट पुढे करायची, खंड्या तोंड उघडायचा, मी पट्ट्याला झटका द्यायचो. "नो!" तो केकाटायचा. चौथ्या दिवशी वैशूने बिस्किट फेकून दिलं आणि रडत घरात गेली. तरी मी रोज तिलाच उभी केली, आणि पंधराव्या दिवशी खंड्याने तिच्याकडे बघणं सोडलं. मी त्याला शाबाशी दिली.

पुढच्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात भरती झालो. घाईत निघालो, खंड्याच्या जेवणाचं डोक्यातच आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी काउंटरवरचे सिंधी काका वॉर्डच्या दारात आले.

"साईं, तुमच्या घरून फोन आहे."

सुनंदा कात्रपच्या पीसीओवरून बोलत होती.

"खंड्या जेवत नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही गेल्यापासून. तुम्हाला त्रास नको म्हणून बोलले नाही. आजपासून पाणीही सोडलंय."

"त्याला फोनवर आण."

"काय?"

"पीसीओवर आण. आत्ता."

वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. मी हुकमी आवाजात म्हणालो, "खंड्या. खा." पलीकडे कसलीतरी खुडबुड झाली. मग वैशूचा आवाज आला.

"बाबा, तो बूथच्या मागे जाऊन तुम्हाला शोधतोय."

मी फोन ठेवला. साडेआठ वर्षांनी मला तीच तार पुन्हा आली होती. डॉक्टर म्हणाले, सोडणार नाही. मी म्हणालो, कुठे सही करायची ते दाखवा. अंगात हॉस्पिटलचा सदरा तसाच, रिक्षा केली आणि अकरा वीसला घरी पोहोचलो.

खंड्या दाराशी आडवा होता. उठला नाही, शेपूट तेवढी हलवली. सुनंदा दूधभाताची ताटली घेऊन आली आणि माझ्या हातात देऊ लागली. मी भरवलं असतं तर त्याने खाल्लं असतं. माझा हात पुढे जातही होता.

"वैशू, इकडे बस."

"नाही. मी दिलं की तुम्ही त्याला मारता."

मी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. आता नाही मारणार. हात दे."

तिच्या हातात घास ठेवला आणि माझा हात खालून धरला. खंड्याने हुंगलं, आधी माझ्याकडे बघितलं, मग पट्ट्याकडे. मी पट्टा सोडून बाहेर फेकला. "शाबाश," मी म्हणालो, "शाबाश, खा." तो बराच वेळ तसाच होता. मग त्याने तिच्या तळहातावरचा घास चाटला.

तिथेच बसून मी सुनंदाला सगळं सांगितलं. रोमा, बलबीर, गुरुवारची तार.

"म्हणजे ती मित्राची नव्हती," शेवटी ती म्हणाली.

"नव्हती."

"मला सांगितलं असतंत तर त्याच दुपारी मी तुमची बॅग भरून दिली असती. बारसं काय, महिन्याने केलं असतं."

कोर्ट मार्शलची भीतीही मला कधी एवढी लागली नव्हती, जेवढं ते वाक्य लागलं. मी तिला विचारलंच नव्हतं.

हँडिंग ओव्हर पूर्ण दहा दिवसांचं केलं. पहिल्या दोन दिवसांत वैशू, मग सुनंदा, मग वरच्या मजल्यावरच्या काकू, शेवटी दूधवाला. हिराबाईंनी सांगितलेलं सगळं उशिरा का होईना, पार पाडलं. बरा झाल्यावर बलबीरच्या घरी पत्र लिहिलं. तार कोणत्या दिवशी मिळाली ते खरं लिहिलं. उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती.

दरवर्षी बारशाच्या तारखेनंतर दोन दिवसांनी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मी गॅलरीत सावधान उभा राहतो. दोन नावं घेतो. लान्स नायक बलबीर. रोमा. त्या दिवशी खंड्याला मी भरवत नाही. वैशू भरवते, सुनंदा भरवते, काकू जिना उतरून येतात. तो सगळ्यांच्या हातचं खातो. बलबीर असता तर त्याच्याही हातचं खाल्लं असतं.