जुनं चामडं आतच आहे

तीन आठवड्यांपूर्वी परशुरामअण्णा गेल्याचं त्यांच्या बायकोने, शांताक्कांनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. आता ते चामडं काही मिळत नाही... हा होता. लाज वाटते, पण खरं तेच लिहिते.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. बसवनगुडीतल्या एका गल्लीत गाड्यांच्या सीट शिवायचं त्यांचं दुकान होतं. नोकरीसाठी पुण्याहून इथे येताना मी बाबांची जुनी मॉरिस गाडी आणली. बाबांच्या मागे तेवढीच त्यांची खूण उरली होती, आणि सीटचं चामडं फाटायला आलं होतं. परक्या कानडी गावात मराठी बोलणारा कारागीर भेटला म्हणून हायसं वाटायला हवं होतं, पण माझा स्वभाव ताकही फुंकून पिण्याचा. "बैठक मोडत न्हाई, अक्का. स्वल्प दिवस द्या," अण्णा म्हणाले. मीही कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि त्यांची पाठ वळताच ड्रायव्हरच्या सीटचं सुटलेलं चामडं उलटून मागे पेनाने बाबांची आद्याक्षरं लिहून ठेवली. उगाच बदलाबदली नको! मग चार वेळा न सांगता जाऊन डोकावले. दर वेळी अण्णा चहा मागवायचे, आणि हा माणूस इतका गोड का वागतो, याचाही मला संशय यायचा.

गाडी तयार झाली. चूक काढायची म्हणून मी शिवणीवरून बोट फिरवलं... एक टाका वाकडा नव्हता. फक्त ड्रायव्हरची सीट उजवीकडे किंचित दबलेली. नव्या सीटला खळगा कसा? भरण हलकं वापरलं असणार.

"जुनं चामडं कुठंय?" मी विचारलं.

"आतच हाय की, अक्का." तेवढ्यात त्यांना कुणीतरी बाहेरून हाक मारली. मी तरातरा दुकानाच्या आतल्या खोलीत गेले. काथ्या होता, इतरांची चामडी होती, बाबांचं नव्हतं. विकलं, मी ठरवून टाकलं. त्यांना चकार शब्द बोलले नाही, पण जुन्या गाड्या बाळगणाऱ्या दोघा ओळखीच्यांना मात्र सांगितलं, तिकडे फिरकू नका. ते फिरकले नाहीत.

पुढे एकदाच अण्णा भाजीबाजारात दिसले. "बैठक जमली न्हवं?" त्यांनी विचारलं. "हो हो," म्हणून मी पुढे सटकले. तीच शेवटची भेट.

मागच्या आठवड्यात शांताक्कांना भेटायला गेले आणि निर्लज्जपणे चामड्याचं विचारलंच. त्या गोंधळल्या. "आत म्हणजे सीटच्या आत वो! मालकाच्या बसण्यानं पडलेला खळगा मोडायचे न्हाईत. जुनं कातडं नव्याच्या खाली तसंच घालायचे. तुम्हांस्नी सांगितलं न्हाई?"

सांगितलं होतं.

घरी येऊन सीटच्या खालच्या कडेचे टाके उसवले. नव्या चामड्याखाली जुनं, तडे गेलेलं. उलटून पाहिलं तर माझ्याच अक्षरातली बाबांची आद्याक्षरं. बाबा खिडकीकडे झुकून गाडी चालवायचे. त्यांच्याच खळग्यात वर्षभर बसून मी अण्णांना नावं ठेवत होते. फार रडले, आणि त्या दिवशी तरी बाबांसाठी नव्हे.

त्या दोघा ओळखीच्यांना फोन करून माझी चूक सांगितली. त्यातला एक सहज म्हणाला, "अरे वा, मग दे ना त्यांचा नंबर."

उसवलेले टाके अजून तसेच आहेत. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही. रोज गाडीत बसताना हात खाली जातो आणि अण्णांचा सुटलेला दोरा बोटाला लागतो.