पाद्रीबुवांसाठी गाऱ्हाणं

ऐका हो ऐका! जगाच्या शांततेसंबंधीची एक महत्त्वाची वाटाघाट स्टुटगार्टमध्ये, आमच्या तिसऱ्या मजल्यावर, उकडीच्या मोदकांच्या साक्षीने पार पडली. वर्तमानपत्रांना पत्ता लागला नाही.

आमच्या समोरच्या दारात अमेरिकन सैन्यातला एक पाद्री राहायचा. हिच्या बाळंतपणात आमची जिना झाडायची पाळी, म्हणजे इथली ती सुप्रसिद्ध कॅरवॉखे, त्याने गुपचूप सांभाळली होती. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही.

त्या वर्षी तो चतुर्थीला आला तोच पडलेल्या चेहऱ्याने. त्याची तुकडी अफगाणिस्तानला निघाली होती, तोही सोबत. रविवारी निरोपाची प्रार्थना त्यानेच म्हणायची होती.

"देव आपल्याच बाजूने आहे, असं म्हणायचं असतं," तो म्हणाला. "आमच्याकडे निवडणूक देवाच्या नावाने, युद्धही देवाच्याच नावाने. पुढारी बोलून मोकळे होतात. मला त्या पोरांच्या डोळ्यांत बघून म्हणायचंय. जीभ रेटत नाही."

कणकवलीहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना मी हे समजावून सांगितलं.

"आणि पलीकडचे काय म्हणतात, जावईबापू?"

"तेही तेच म्हणतात, अण्णा."

"म्हणजे दोन्ही पक्षकारांचा वकील एकच! मग खटला निकाली निघतोय कसला!"

हे भाषांतर ऐकून पाद्रीबुवा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

आरती झाली. आमच्या कोकणात त्यानंतर देवाला गाऱ्हाणं घालतात: एकाने मोठ्याने मागायचं, बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. नाटकाची हौस मला पहिल्यापासूनच. घसा खाकरून मी उभा राहिलो.

"बा देवा महाराजा! हो आमचो शेजारी परमुलखात चाललो हा, तेका सुखरूप घराक हाड रे महाराजा!"

"होय महाराजा!"

मी थांबणार, एवढ्यात अण्णांनी दटावलं, "अर्धंच काय घालताय? पुरं करा."

"आणि समोर बंदूक घेवन जे उभे आसत, तेंकाय तेंच्या आवशीकडे सुखरूप धाड रे महाराजा!"

"होय महाराजा!" अण्णांचा आवाज सगळ्यांत मोठा.

हिने पाद्रीबुवांच्या कानात अर्थ सांगितला: तुम्हाला सुखरूप घरी आण, आणि समोरच्यांनाही त्यांच्या आईकडे सुखरूप धाड. ते एकदम ओरडले, "रविवारी हेच म्हणणार! कर्नलने मला कच्चा खाल्ला तरी चालेल!"